मोटारसायकलचे पुढचे ब्रेक पॅड घरी कसे बदलावेत

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागले की सिमरोलच्या पुढे भेरूघाट येतो आणि माळव्याचे पठार संपून रस्ता निमाडात उतरू लागतो. दोन वर्षांपूर्वी ओंकारेश्वरला जाताना याच उतारावर माझ्या गाडीच्या पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा करकर आवाज येऊ लागला. पॅड बदलून जेमतेम चार महिने झाले होते. खालच्या गिअरमध्ये आणि मागच्या ब्रेकवर गाडी सावकाश उतरवली आणि दुसऱ्या दिवशी घरी कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही पॅड आवळणारा भाग, उघडून पाहिला, तेव्हा बाहेरच्या पॅडचे लायनिंग (डिस्कवर घासणारा थर) निम्म्याहून अधिक शिल्लक होते, तर आतल्या, म्हणजे पिस्टनच्या (पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूच्या, पॅडचे लायनिंग संपून त्यामागची पोलादी पट्टी थेट डिस्कवर घासत होती. ज्या गॅरेजमध्ये ते पॅड बसवले होते तिथे माझ्यासमोरच दहा मिनिटांत काम उरकले होते. पॅड काढले, मळलेला पिस्टन तसाच आत ढकलला आणि नवे पॅड घातले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना कोरड्या पडून अडकल्या होत्या आणि त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून हे काम मी घरीच करतो. पॅड काढून घालणे सोपे असते. त्यांच्याभोवतीची स्वच्छता हेच खरे काम असते आणि त्याला वेळ लागतो. पुढे दिलेली पद्धत पुढच्या चाकाच्या अशा डिस्क ब्रेकसाठी आहे ज्याचे पिस्टन एकाच बाजूला असतात आणि कॅलिपर पिनांवर डावी-उजवीकडे सरकतो. आपल्याकडच्या १०० ते २०० सीसीच्या बहुतेक डिस्क ब्रेकच्या गाड्यांमध्ये हीच रचना असते. मागच्या चाकाला ड्रम असेल तर त्यात पॅडऐवजी शू असतात आणि त्यांची रीत वेगळी आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झाल्यामुळे अलीकडच्या गाड्यांच्या चाकाजवळ सेन्सरची एक बारीक वायर दिसेल. तिला ताण पडू दिला नाही आणि ब्रेक ऑइलची नळी कोठेही खोलली नाही, तर एबीएसमुळे पॅड बदलण्याच्या कामात काही फरक पडत नाही.

पॅड बदलायची वेळ झाली की नाही हे कॅलिपर न काढताही कळते. टॉर्च घेऊन कॅलिपरच्या मागून किंवा खालून पाहिले की डिस्कच्या दोन्ही अंगांना चिकटलेले दोन पॅड दिसतात. बहुतेक पॅडच्या लायनिंगवर एक खाच असते. ती दिसेनाशी होऊ लागली की पॅडचे आयुष्य संपत आले असे समजावे. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत लायनिंगची शेवटची मर्यादा १ मिमी दिलेली असते. माझ्या मते २ मिमी उरले असतानाच नवा जोड आणून ठेवावा, कारण शेवटचा मिलिमीटर घाटात किंवा पावसात केव्हा संपेल याचा नेम नसतो. दोन्ही पॅड पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. बाहेरचा पॅड सहज दिसतो म्हणून लोक तेवढाच पाहतात, आणि माझ्या बाबतीत नेमका आतला संपला होता.

हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीत पातळी खाली गेलेली दिसली म्हणून लगेच नवे ऑइल ओतू नये. पॅड जसजसे झिजतात तसतसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याची जागा भरायला डबीतले ऑइल खाली उतरते. झिजलेल्या पॅडवर डबी काठोकाठ भरली, तर नवे पॅड घालण्यासाठी पिस्टन आत ढकलताना तेच ऑइल उलटे वर येऊन डबीबाहेर सांडते आणि टाकीचा रंग खाते.

पॅड विकत घेताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगावे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कॅलिपर बदललेले असतात आणि पॅडची पिनांची भोके दोन-तीन मिलिमीटरने इकडेतिकडे असतात. मी इंदूरच्या छोट्या ग्वालटोलीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून पॅड आणतो आणि शक्य असेल तेव्हा जुना पॅड सोबत नेऊन नव्यावर ठेवून पाहतो. छापील पार्ट नंबर, किमतीचे लेबल आणि बिल नसलेले पॅड स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. ज्या वस्तूवर आपला आणि मागे बसलेल्या माणसाचा जीव अवलंबून आहे, तिच्यात शंभर-दोनशे रुपये वाचवण्याला अर्थ नाही. सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले, पॅड उष्णता चांगली सोसतात, पण ते डिस्कलाही अधिक झिजवतात. कंपनीने ज्या प्रकारचे पॅड दिले असतील त्याच प्रकारचे घालावेत असे मी सुचवेन.

हत्यारे फार लागत नाहीत. कॅलिपरच्या बोल्टांच्या मापाचा पाना किंवा सॉकेट, पॅड जागेवर धरणाऱ्या पिनेसाठी अ‍ॅलन की, डबीच्या झाकणाच्या स्क्रूला नीट बसणारा चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर आणि बारीक तोंडाची पक्कड एवढे पुरते. याशिवाय ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सिलिकॉन ग्रीस, ब्रेक ऑइलची न उघडलेली छोटी बाटली, जुना टूथब्रश, सुती फडकी, बुटाची एक जुनी नाडी, बिनसुईची सिरिंज आणि कॅलिपर टांगून ठेवायला सुतळीचा तुकडा हाताशी ठेवावा. ऑइल कोणत्या दर्जाचे हे डबीच्या झाकणावर कोरलेले असते. बहुतेक ठिकाणी डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले सापडेल. डॉट ५ हे सिलिकॉनचे असून ते यांच्यात कधीही मिसळू नये. रॉकेल, डिझेल, पेट्रोल आणि साधे ग्रीस या कामापासून पूर्णपणे दूर ठेवावे, कारण त्यांच्या संपर्कात कॅलिपरमधले रबर फुगते आणि मग पिस्टन अडकू लागतो. आपल्याकडे धुण्यासाठी सर्रास डिझेल वापरले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

काम सकाळी काढावे आणि पहिल्या वेळी दोन तास मोकळे ठेवावेत. त्याच गाडीने तासाभरात ऑफिस गाठायचे असेल, तर त्या दिवशी कॅलिपरला हात लावू नये. गाडी सपाट फरशीवर मधल्या स्टँडवर लावावी आणि डिस्क थंड होऊ द्यावी. टाकीवर आणि मडगार्डवर जुनी चादर पसरावी, हँडल फिरवून ऑइलची डबी समतल येईल असे ठेवावे, झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने आधी पुसावी आणि मगच स्क्रू खोलावेत. हे स्क्रू मऊ असतात. स्क्रू ड्रायव्हर जोराने खाली दाबून मग फिरवावा, नाहीतर खाच घसरते आणि एका स्क्रूपायी अर्धा दिवस जातो. झाकण काढून रबरी पडद्यासह परत तसेच, न आवळता, वर ठेवून द्यावे म्हणजे कचरा आत जाणार नाही.

आता कॅलिपर अजून जागेवर घट्ट असतानाच पॅडची पिन थोडी सैल करून घ्यावी. कॅलिपर सुटल्यावर तो हातात धरून घट्ट पिन फिरवणे जवळजवळ अशक्य असते. काही गाड्यांत पिनेच्या तोंडावर छोटे झाकण असते, काहींत पिनेला आट्यांऐवजी काट्यासारखी क्लिप असते. ती पक्कडीने ओढून काढावी. मग कॅलिपरचे दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर डिस्कवरून हळूच मागे ओढावा आणि सुतळीने फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्याला) बांधून ठेवावा. तो नळीवर लोंबकळत राहता कामा नये. पॅड काढण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढावेत, कारण आतली पत्र्याची पातळ स्प्रिंग कोणत्या तोंडाने बसली होती हे नंतर आठवत नाही आणि ती उलटी बसली तर पॅड खुळखुळतात.

निघालेले पॅड फेकण्याआधी उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही सारखे झिजले असतील तर कॅलिपर नीट सरकत आहे. पिस्टनच्या बाजूचा जास्त झिजला असेल तर सरकत्या पिना अडकल्या आहेत. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल, तर तो आपल्या जागेत तिरका बसत होता. लायनिंग काचेसारखे चकचकीत झाले असेल तर ब्रेक वारंवार अति तापला आहे. लायनिंगवर तेलकट काळा डाग असेल तर ऑइल गळत आहे किंवा बाहेरून तेल पडले आहे. धुलाई केंद्रात गाडी धुतल्यावर चमक यावी म्हणून इंजिनावर तेलाचा फवारा मारण्याची पद्धत आहे आणि त्यातले थेंब डिस्कवर उडतात. मी तो फवारा मारूच देत नाही.

यानंतर जे करायचे त्यात घाई करू नये. पावसाळ्यात माळव्याची काळी माती चाकाबरोबर वर उडून कॅलिपरच्या आत बसते आणि वाळल्यावर सिमेंटसारखी कडक होते. तिच्यात पॅडची काळी भुकटी मिसळलेली असते. ही भुकटी फुंकून किंवा हवेच्या पंपाने उडवू नये, ती फुप्फुसांत जाऊ देण्यासारखी वस्तू नव्हे. तोंडावर मास्क लावून साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने सगळे आधी ओले करावे आणि मग घासावे.

पॅड झिजलेले असल्यामुळे पिस्टन आधीच बराच बाहेर आलेला असतो. लिव्हर दाबून तो आणखी बाहेर काढू नये, कारण पॅड नसताना दोन-चार वेळा लिव्हर दाबला तर पिस्टन पूर्ण बाहेर पडून सगळे ऑइल फरशीवर येते. जेवढा बाहेर आहे तेवढाच भाग स्वच्छ करायचा आहे. पुढची बाजू ब्रशने निघते. मागच्या बाजूला ब्रश पोहोचत नाही. तिथे बुटाची नाडी ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून पिस्टनभोवती गुंडाळावी आणि दोन्ही टोके धरून रवीची दोरी ओढतात तशी आळीपाळीने ओढावी. नाडी काळीकुट्ट होऊन येते. तिची स्वच्छ बाजू फिरवून पुन्हा ओढावी. तीन-चार वेळा असे केल्यावर पिस्टनचा करडा धातू सर्व बाजूंनी उजळ दिसू लागतो आणि बोट फिरवले तर कोठेही खरखर लागत नाही. माझी पुतणी टॉर्च धरून बसते आणि राहिलेला डाग तिला माझ्याआधी दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे कारण कॅलिपरच्या आतल्या रबरी सीलमध्ये आहे. पिस्टनभोवती चौकोनी काठांची एक रबरी कडी असते. लिव्हर दाबला की पिस्टन पुढे सरकताना ही कडी त्याच्याबरोबर किंचित वळते, आणि लिव्हर सोडला की ती पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे खेचणारी वेगळी स्प्रिंग नसते. हे काम केवळ ती कडी करते. पिस्टनवरची वाळलेली माती तशीच आत ढकलली तर ती या कडीच्या धारेवर घासते, पिस्टन मागे यायला कुरकुर करू लागतो, पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो आणि गाडी ब्रेक न लावताही ब्रेक लावल्यासारखी चालते. मग डिस्क तापते, पॅड लवकर संपतो आणि गाडीचे अ‍ॅव्हरेजही पडते. पिस्टनच्या कडेने ओलसरपणा दिसला, रबर फाटलेले दिसले किंवा पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले, तर हे काम तिथेच थांबवून सील बदलण्यासाठी जाणत्या मिस्त्रीकडे कॅलिपर द्यावा.

पिस्टन स्वच्छ झाल्यावर त्याच्या कडेला ताज्या ब्रेक ऑइलचा हलका हात फिरवावा, जुना पॅड त्याच्या तोंडावर आडवा धरावा आणि अंगठ्यांनी सरळ, तिरका न होऊ देता, हळूहळू आत दाबावा. दोन पिस्टन असतील तर एक दाबताना दुसरा बाहेर येतो, म्हणून दोन्ही एकत्र दाबावेत. एकाने दाबताना दुसऱ्या माणसाने डबीकडे लक्ष ठेवावे आणि ऑइल वरच्या रेषेपर्यंत आले की सिरिंजने काढून घ्यावे. ऑइल कोठेही सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

सरकत्या पिना कॅलिपर आणि त्याच्या ब्रॅकेटच्या, म्हणजे त्याला फोर्कशी जोडणाऱ्या भागाच्या, मध्ये असतात. ब्रॅकेट हाताने ओढून वेगळा करावा, पिनांवरचे जुने, कडक झालेले ग्रीस पुसून काढावे, भोकांतही फडक्याची वळकटी घालून फिरवावी आणि पिनांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून परत बसवावे. रबरी टोप्या त्यांच्या खाचेत नीट बसल्या आहेत का हे बोटाने चाचपून पाहावे, कारण पाणी आणि माती तिथूनच आत शिरतात. योग्य बसलेला ब्रॅकेट दोन बोटांनी ढकलला तरी विनासायास मागेपुढे सरकतो. माझ्या गाडीत तो त्या वेळी हातोडीने ठोकून काढावा लागला होता.

डिस्कची पाहणी लवकर होते. तिच्यावर किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो; व्हर्निअर असेल तर घासल्या जाणाऱ्या भागाची जाडी मोजावी आणि ती त्या आकड्याखाली गेली असेल तर नव्या पॅडसोबत डिस्कही बदलावी. भेगा किंवा नखाला अडकणारे खोल चरे असतील तरीही तेच. डिस्क ठीक असेल तर ती दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनर मारून स्वच्छ फडक्याने पुसावी आणि नंतर तिला बोट लावू नये.

नवे पॅड हाताळण्याआधी हात साबणाने धुवावेत. स्प्रिंग फोटोत पाहून जागेवर बसवावी, पॅड लायनिंगची बाजू एकमेकांसमोर येईल असे घालावेत (ही चूक हास्यास्पद वाटली तरी ती होते), पिन पुसून आत सरकवावी आणि कॅलिपर डिस्कवर चढवावा. नवे पॅड जाड असल्यामुळे फट अरुंद असते. पॅडच्या कडा डिस्कवर आपटू न देता फट जुळवून घ्यावी. बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून मगच पान्याने आवळावेत, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. ८ मिमी जाडीच्या कॅलिपर बोल्टांना साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर जोर लागतो, पण आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) नसेल तर एका दिवसासाठी कोणाकडून तरी मागून आणावा. कॅलिपर पक्का झाल्यावर पॅडची पिन आवळावी.

आता, चाक एक इंचही न हलवता, ब्रेकचा लिव्हर सावकाश दाबत आणि सोडत राहावे. पहिल्या काही दाबांत लिव्हर थेट हँडलला टेकेल, कारण पिस्टन आत ढकललेला आहे आणि पॅड डिस्कपासून दूर आहेत. दाबत राहिले की लिव्हर कडक होतो. ही पायरी विसरून गाडी रस्त्यावर नेली तर पहिल्या वळणावर ब्रेक नसतो, म्हणून मी हे काम संपेपर्यंत गाडीची किल्ली घरात ठेवतो. लिव्हर कडक झाल्यावर डबीतली पातळी खालच्या आणि वरच्या रेषांच्या मध्ये आहे का ते पाहावे, कमी असल्यास नवे ऑइल घालावे, रबरी पडदा सपाट बसवून झाकण आवळावे. शेवटी लिव्हर जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवावा. तो हळूहळू हँडलकडे सरकत असेल तर कोठेतरी गळती आहे. स्पंजासारखा लागत असेल तर नळीत हवा आहे आणि ती काढल्याशिवाय गाडी चालवू नये.

ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल किंवा चहासारखे काळपट झाले असेल तर याच वेळी तेही बदलून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. भेरूघाटासारख्या उतारावर सतत ब्रेक धरून ठेवणाऱ्याच्या कॅलिपरमध्ये असे ऑइल उकळू शकते, वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर एकाएकी पोकळ लागतो.

नव्या पॅडची पकड पहिल्या दिवशी पूर्ण नसते. मी कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावर आधी चालण्याच्या वेगात ब्रेक लावून पाहतो आणि मग ४० च्या वेगावरून १० पर्यंत, चाक जाम न करता, आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावतो. प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर नुसते चालवून डिस्क थंड होऊ देतो. त्यानंतरचे दोनशे-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. चाक उचलून फिरवल्यावर पॅडचा हलका सूंऽ असा आवाज येणे ठीक आहे, पण चाक दोन फेऱ्यांच्या आत थांबत असेल तर कॅलिपर पुन्हा उघडून पिना पाहाव्यात. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासावेत.

उरलेले जुने ऑइल मोरीत ओतू नये. ते घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, तेलकट फडक्यांसह, महापालिकेच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्यासाठी असलेल्या वेगळ्या कप्प्यात द्यावे. बदलल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा मी चिकटपट्टीवर लिहून सीटखाली लावतो, आणि दरवर्षी अनंत चतुर्दशी झाली की नवरात्र बसण्याआधीच्या एखाद्या रविवारी, पॅड शिल्लक असले तरी, कॅलिपर उतरवून पावसाळ्याची माती नाडीने काढून टाकतो.